स्लॅब झाला, नोंद राहिली! बांधकामाच्या सॉफ्टवेअरविषयी वाचकांचे प्रश्न

बांधकाम व्यवसायात प्रोजेक्ट मॅनेजमेंट सॉफ्टवेअर वापरणाऱ्या, आणि विकत घेऊनही न वापरणाऱ्या, वाचकांची बरीच पत्रं आली. सारख्या आशयाची पत्रं एकत्र करून त्यांतले काही प्रश्न इथे घेतले आहेत. नियोजन, स्टोअर आणि बिलिंग या तिन्ही बाजू सांभाळणाऱ्या जाणकारांनी उत्तरं दिली आहेत.

प्रश्न : आमच्या तीन साइट चालू आहेत, सगळ्या पार्किंग अधिक पाच मजल्यांच्या. वर्षाची वर्गणी भरून सॉफ्टवेअर घेतलं, ट्रेनिंगही झालं. पहिला महिनाभर सगळ्यांनी भरलं, आता कोणी उघडतही नाही. इंजिनिअर म्हणतात वेळ नाही. सॉफ्टवेअर बदलावं का? (एक बिल्डर, नाशिक)

उत्तर : बदलू नका. दुसरं घेतलंत तरी दोन-तीन महिन्यांत हेच होईल. विकणाऱ्याने वीस-बावीस मॉड्यूल एकदम सुरू करून दिली असणार आणि ती सगळी एकट्या साइट इंजिनिअरच्या गळ्यात पडली असणार. तो दिवसभर सेंटरिंगवर (काँक्रीट ओतण्यासाठीच्या तात्पुरत्या साच्यावर) उभा असतो. संध्याकाळी सहाला त्याच्याकडून पंधरा फॉर्म भरून मागितले तर तो आकडे बसवूनच भरणार, आणि मग तेही सोडून देणार.

सध्या तीनच नोंदी चालू ठेवा, बाकी सगळं बंद. पहिली, गेटवर आलेला माल : गाडी रिकामी होण्याआधी चलनाचा (मालाबरोबर आलेल्या पावतीचा) फोटो आणि मोजलेली संख्या. ही नोंद स्टोअरकीपरने करायची, इंजिनिअरने नाही. दुसरी, हजेरी : सकाळी दहाच्या आत, मुकादमाने, कामानुसार. ‘एकूण २४ माणसं’ अशी हजेरी बिनकामाची. सुतार ६, फिटर ४, गवंडी ५, बिगारी ९ अशी हवी. तिसरी, दिवसाचं काम, आणि ते परिमाणात : ‘गिलावा चालू’ असं नाही, तर ‘ए विंग, तिसरा मजला, फ्लॅट ३०२, आतला गिलावा, ४१० चौरस फूट’. ही तिसरी नोंद तेवढी इंजिनिअरची. सगळं आधी तयार असेल तर दहा मिनिटांत होते.

‘तयार असेल तर’ यातच खरी मेख आहे. मजले, फ्लॅट आणि कामं यांची यादी आधी तुमच्या ऑफिसने एकदा नीट भरायला हवी, म्हणजे साइटवर फक्त निवडायचं राहील. मालाच्या यादीचंही तसंच. ‘सिमेंट’, ‘सिमेंट ५३’, ‘ओपीसी ५३ ग्रेड’ अशी एकाच मालाची तीन नावं पडली की साठा तीन ठिकाणी दिसतो आणि एकही खरा नसतो. नवीन नाव तयार करण्याचा अधिकार ऑफिसमधल्या एकाच माणसाकडे ठेवा, बाकी सगळ्यांचा काढून घ्या. एकक त्याच वेळी ठरवा : सिमेंट गोणीत, स्टील किलोत, आरएमसी (तयार काँक्रीट) घनमीटरमध्ये.

मग एक नियम लावा : गेटवर नोंद नसलेल्या चलनाचं बिल पास होणार नाही. पहिल्या पंधरवड्यात दोन-चार पुरवठादार ओरडतील, स्टोअरकीपरला फोन करतील, आणि नोंदी आपोआप होऊ लागतील. पैशाशी न जोडलेली नोंद कुठल्याही साइटवर टिकत नाही.

आणि मालकांनी एक पथ्य पाळायचं. ‘आज किती गोणी उरल्या रे?’ हा फोन बंद. तुम्ही फोनवर विचारलंत की माणूस फोनवर सांगतो आणि भरणं सोडतो. तिन्ही साइटवर एकदम सुरू करू नका. ज्या साइटचा प्लिंथ (जोतं) नुकताच झाला आहे ती घ्या, त्या दिवशीचा साठा प्रत्यक्ष मोजून टाका आणि तिथून चालवा. जिथे फक्त टाइल आणि रंग उरलेत त्या साइटला आता सॉफ्टवेअरमध्ये आणण्यात अर्थ नाही.

प्रश्न : पार्किंग अधिक सात मजल्यांच्या इमारतीचं वेळापत्रक मी एमएस प्रोजेक्टमध्ये (मायक्रोसॉफ्टचं नियोजनाचं सॉफ्टवेअर) केलं आहे. स्लॅबचं चक्र (एका स्लॅबपासून पुढच्या स्लॅबपर्यंतचे दिवस) १० दिवसांचं धरलं. प्रत्यक्षात १३–१४ दिवस लागतात आणि शेवटची तारीख दर आठवड्याला वेडीवाकडी बदलते. कधीकधी तर काम लांबूनही तारीख हलत नाही. कुठे चुकतंय? (प्लॅनिंग इंजिनिअर, पुणे)

उत्तर : तुमच्या पत्रात दोन वेगळ्या तक्रारी आहेत. आधी तारीख न हलण्याचं पाहू. एमएस प्रोजेक्टमध्ये ‘स्टार्ट’च्या रकान्यात तुम्ही हाताने तारीख टाइप केलीत की तो गुपचूप त्या कामावर ‘या तारखेच्या आधी सुरू नाही’ अशी अट लावतो. फिनिशच्या रकान्यात टाइप केलं तर ‘या तारखेच्या आधी संपणार नाही’ अशी. डाव्या बाजूच्या चिन्हांच्या रकान्यात छोटं कॅलेंडर दिसलं की समजा, तिथे अट बसली आहे. अशी पाच-पंचवीस कॅलेंडरं साचली की साखळी फक्त नावाला उरते : आधीचं काम चार दिवस लवकर झालं तरी पुढचं सरकत नाही. ‘याच तारखेला संपलं पाहिजे’ अशी कडक अट कुणी लावली असेल तर आधीची कामं कितीही लांबली तरी शेवट तिथेच राहतो. सगळ्या अटी काढून ‘शक्य तितक्या लवकर’वर आणा. तारीख टाइप करायचीच असेल तर फक्त ‘प्रत्यक्ष सुरुवात’ आणि ‘प्रत्यक्ष शेवट’ या रकान्यांत. दर आठवड्याला स्टेटस डेट (ज्या दिवसापर्यंतची प्रगती भरली ती तारीख) टाका, चालू कामांचे उरलेले दिवस सुधारा. तिथला ‘पर्सेंट कम्प्लीट’ कालावधीचा असतो, कामाचा नाही. प्रत्यक्ष कामाचा टक्का ‘फिजिकल’ नावाच्या वेगळ्या रकान्यात जातो. दोन्हींची गल्लत झाली की अहवालात ८० टक्के आणि साइटवर निम्म्या भिंती, असं चित्र दिसतं.

आता दहा दिवसांचं चक्र. स्लॅब हे एक काम म्हणून टाकलं असेल तर ते फोडा : स्टार्टर (कॉलमचा तळाचा छोटा भाग), कॉलमचं स्टील, कॉलमची पेटी, कॉलम भरणं, स्लॅब-बीमचं सेंटरिंग, बीम आणि स्लॅबचं स्टील, वायरिंगचे पाइप आणि प्लंबिंगचे स्लीव्ह (पाइप जाण्यासाठी ठेवलेल्या नळ्या), स्ट्रक्चरल इंजिनिअरची तपासणी, काँक्रीट. तपासणीचा दिवस बहुतेक वेळापत्रकांत नसतोच. स्टील बांधून झालं आणि कन्सल्टंट परवा येणार म्हणाला, की दोन दिवस तिथेच गेले. ३०० चौरस मीटरच्या आसपासचा मजला असेल, तर साध्या प्लेट-प्लायच्या सेंटरिंगवर १२ ते १५ दिवस हा प्रामाणिक अंदाज आहे.

त्याहून मोठी चूक सेंटरिंग काढण्याच्या मुदतीत असते. आयएस ४५६ (काँक्रीटच्या कामाचं भारतीय मानक) प्रमाणे उभ्या बाजूंची पेटी १६ ते २४ तासांनी काढता येते. स्लॅबखालच्या प्लेट ३ दिवसांनी, पण प्रॉप (आधाराचे खांब) लगेच परत लावायचे. बीमचा तळ ७ दिवसांनी, तिथेही तेच. प्रॉप काढायचे ते ४.५ मीटरपर्यंतच्या स्लॅबला ७ दिवसांनी, त्याहून मोठ्याला १४. बीमला ६ मीटरपर्यंत १४ दिवस, त्यापुढे २१. या मुदती ओपीसी (साधं पोर्टलंड) सिमेंट आणि १५ अंशांखाली न जाणारं तापमान धरून आहेत. पीपीसी (बहुधा फ्लाय अ‍ॅश, म्हणजे कोळशाची राख, मिसळलेलं सिमेंट) वापरत असाल तर त्या किती वाढवायच्या ते स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून लेखी घ्या.

हे आता चक्रावर बसवून पाहा. पहिला स्लॅब शून्याव्या दिवशी झाला, दुसरा तेराव्या दिवशी. तिसऱ्या स्लॅबचं सेंटरिंग कॉलम झाल्यावर, म्हणजे साधारण एकोणिसाव्या दिवशी सुरू होणार. सेंटरिंगचे दोन सेट असतील तर तिसऱ्याला पहिल्याचेच प्रॉप लागणार. पण पहिल्या मजल्यावर ६ मीटरपेक्षा लांब बीम असतील तर त्यांचे प्रॉप एकविसाव्या दिवसापर्यंत हलवायचे नाहीत. दर मजल्याला दोन दिवसांची खोट. साइटवर त्यावर ‘उपाय’ होतो तो म्हणजे प्रॉप लवकर काढणं. वेळापत्रकात ‘प्रॉप काढणे, पहिला मजला’ हे स्वतंत्र काम करून ते ‘सेंटरिंग, तिसरा मजला’ला जोडलंत तर ही खोट आधीच दिसते. इलाजही स्वस्त आहे : तिसरा पूर्ण सेट नको, फक्त एका मजल्याच्या लांब बीमपुरते जास्तीचे प्रॉप भाड्याने आणा.

मुदतीचे दिवस लॅग (दोन कामांमध्ये थांबायचा काळ) म्हणून टाकताना एक बारकावा पाळा. नुसते ७ दिवस लिहिलेत तर प्रोग्रॅम कामाचे सात दिवस मोजतो, सुट्ट्या वगळून. काँक्रीटला सुट्टी नसते. लॅगच्या आकड्याला ‘ई’ आणि ‘डी’ ही दोन इंग्रजी अक्षरं जोडा, म्हणजे कॅलेंडरचे सरळ सात दिवस धरले जातील. क्युरिंगलाही (काँक्रीट ओलं ठेवण्यालाही) हेच. ओपीसीला किमान ७ दिवस, पीपीसी किंवा फ्लाय अ‍ॅश असेल तर किमान १०.

कॅलेंडर मात्र तुमच्या मजुरांचं हवं, संगणकाने दिलेलं नको. आठवडी बाजाराची सुट्टी, होळीला आणि छठला गावी जाणारी उत्तरेकडची माणसं, दसऱ्यानंतर ऊसतोडीला जाणारी मराठवाड्यातली बिगारी मंडळी, विदर्भात पोळा. खोदकाम, बाहेरचा गिलावा आणि गच्चीचं वॉटरप्रूफिंग यांना वेगळं पावसाळी कॅलेंडर लावा. जून ते सप्टेंबर पूर्ण बंद दाखवू नका, महिन्याला मिळणारे कोरडे दिवस कमी करा. आतली कामं पावसात चालतात, आणि वेळापत्रकाने ती नेमकी तेव्हाच यावीत अशी रचना करता येते.

सुधारित तारखा साहेबांना दाखवण्याआधी मूळ आराखडा बेसलाइन म्हणून साठवा. एकूण अकरा बेसलाइनची सोय आहे. जुनी पुसून नवी ठेवण्याचं काहीच कारण नाही.

प्रश्न : सॉफ्टवेअर १२ एमएमचं ३.२ टन स्टील शिल्लक दाखवतं. यार्डात मोजलं तर २.६ टन भरलं. आतापर्यंत २३.२ टन आलं, २० टन वापरलं अशी नोंद आहे. चोरी समजायची का? वाळूचाही हिशोब कधीच जुळत नाही. (साइट मॅनेजर, छत्रपती संभाजीनगर)

उत्तर : लगेच स्टोअरकीपरवर घसरू नका. ६०० किलो म्हणजे वापराच्या ३ टक्के. आधी ‘२० टन वापरलं’ हा आकडा आला कुठून ते पाहा. तो बहुधा बीबीएसमधला (ड्रॉइंगवरून काढलेल्या सळ्यांच्या तक्त्यातला), म्हणजे कागदावरचा. त्यात चेअर, स्पेसर (सळ्या जागेवर धरणारे तुकडे), जास्तीचे लॅप (सळ्यांचे एकमेकींवर येणारे जोड) आणि कापून उरलेले तुकडे धरलेले नसतील तर एवढा फरक त्यातच जातो. भंगाराचा ढीग वजन करून नोंदवला आहे का? बहुतेक ठिकाणी तो थेट विकला जातो, आणि साठ्यातून कधी वजाच होत नाही.

दुसरी गोष्ट, येताना वजन काट्यावर आणि जाताना नग मोजून, असं चालत असेल तर मेळ बसणारच नाही. १२ एमएमचं सैद्धांतिक वजन मीटरला ०.८८८ किलो (व्यासाचा वर्ग भागिले १६२, हे सूत्र सगळ्यांना पाठ असतं), म्हणजे १२ मीटरचा बार १०.६६ किलो. पण आयएस १७८६ (सळ्यांचं भारतीय मानक) प्रमाणे लॉटच्या वजनात १० एमएमपर्यंत अधिक-उणे ७ टक्के, १० च्या पुढे १६ पर्यंत ५ टक्के आणि त्यावर ३ टक्के फरक चालतो. काट्यावर १० टन माल आला आणि बार ४ टक्के हलके असले तर ९३८ ऐवजी सुमारे ९७७ बार येतात. तुम्ही ९३८ बार वापरून १० टन खर्ची टाकलेत की पुस्तकात शून्य आणि यार्डात ३९ बार. बार जड असले की याच्या उलट, तुमच्यासारखी तूट.

म्हणून प्रत्येक लॉटचे तीन-चार बार पूर्ण लांबीचे वजन करा, त्या लॉटचा खरा किलो प्रति मीटर काढा आणि नग वापरताना त्याने गुणा. हे केल्यावरही ६०० किलो तसेच राहिले तर मग गेटचं रजिस्टर उघडा.

वाळूचा घोळ एककाचा आहे. पुरवठादार ब्रासने देतो, काटा टनात दाखवतो. ब्रास म्हणजे १०० घनफूट, २.८३ घनमीटर. कोरडी वाळू घनमीटरला दीड-पावणेदोन टनांपर्यंत भरते, पण ओलसर वाळू फुगते, आणि बारीक असेल तर फुगवटा २५–३० टक्क्यांपर्यंत जातो. पावसाळ्यात हौद्याचं माप घेऊन ब्रास मोजलात तर हवा विकत घेताय. एकच एकक धरा, शक्यतो वजन. महिन्यातून एकदा रिकाम्या आणि भरलेल्या गाडीचं वजन स्वतः पाहा. काट्याची पावती हाच आकडा सॉफ्टवेअरमध्ये जाऊ दे.

सगळा साठा रोज मोजायची गरज नाही. सिमेंट आणि स्टील आठवड्याला, बाकी महिन्याला. फरक ‘अ‍ॅडजस्टमेंट’ करून मिटवताना कारण लिहिणं सक्तीचं ठेवा. बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये ती सोय असते, फक्त बंद करून ठेवलेली असते.

प्रश्न : रोजचे फोटो व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर येतात. ते पुरेसे नाहीत का? (ठेकेदार, ठाणे)

उत्तर : काम दिसण्यापुरते पुरेसे, पुराव्यासाठी नाहीत. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवला की त्यातली वेळ आणि जागेची माहिती निघून जाते, चित्रही दाबलं जातं. डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर राहते. शिवाय सहा महिन्यांनी ‘चौथ्या मजल्याच्या टॉयलेटच्या सुंकमधला (खाली घेतलेल्या स्लॅबमधला) वॉटरप्रूफिंगचा फोटो’ शोधून दाखवा! झाकली जाणारी कामं तेवढी सॉफ्टवेअरमध्ये जागेच्या नावासह टाका : फूटिंगचं (पायाचं) स्टील, बीममधले स्लीव्ह, भिंतीतले पाइप, सुंक, गच्ची. बाजूला टेप धरून काढा. बाकीचे गुड मॉर्निंगबरोबर ग्रुपवर राहू देत.

प्रश्न : गिलाव्याच्या ठेकेदाराची सगळी बिलं मिळून एकूण कामापेक्षा जास्त परिमाण निघालं. सॉफ्टवेअरने अडवलं कसं नाही? शिवाय मजुरीचा खर्च सॉफ्टवेअरमध्ये फुगलेला दिसतो, बँकेतून तेवढे पैसे गेलेलेच नाहीत. (बिल्डर, कोल्हापूर)

उत्तर : बिल ‘आतला गिलावा, इतके चौरस फूट’ असं जागेशिवाय भरलं गेलं, म्हणून अडलं नाही. प्रत्येक फ्लॅटच्या प्रत्येक खोलीचं परिमाण ड्रॉइंगवरून काढून आधी बंदिस्त करा आणि मोजमाप त्या खोलीवरच टाकायला लावा. शंभर टक्क्यांच्या वर गेलं की मालकाच्या मंजुरीशिवाय बिल पुढे सरकू नये, ही सेटिंग जवळपास सगळीकडे असते.

मोजायची पद्धत वर्क ऑर्डरमध्येच लिहा. आयएस १२०० (बांधकामाच्या मोजमापाचं भारतीय मानक) प्रमाणे अर्ध्या चौरस मीटरपर्यंतच्या उघड्या जागेची वजावट नाही. अर्ध्यापासून ३ चौरस मीटरपर्यंत एकाच बाजूची वजावट, त्याहून मोठ्या जागेला दोन्ही बाजूंची, पण मग जांब (दार-खिडकीच्या आतल्या कडा) मोजून द्यायचे. ४ बाय ५ फुटांची खिडकी १.८६ चौरस मीटर, म्हणजे वजावट एकदाच. आतला आणि बाहेरचा गिलावा वेगवेगळ्या ठेकेदारांकडे असेल तर ती कोणाच्या बिलातून करायची? हे लिहिलेलं नसतं, आणि भांडण इथेच होतं. साइटवर ‘भरून-पोकळ’ (उघड्या जागा वजा न करता) मोजायची प्रथा असेल तर तसं लिहा, पण दर त्या हिशोबाने ठरवा.

आता फुगलेला खर्च. याचं कारण दहातल्या नऊ वेळा खर्ची, म्हणजे ठेकेदाराला आधी दिलेली उचल. उदाहरण घेऊ. तिसरं रनिंग बिल, आजपर्यंतचं एकूण काम ९,२०० चौरस फूट, मागच्या बिलापर्यंत ६,५००, म्हणून या बिलाचं २,७००. दर २८ रुपये धरला तर ७५,६०० रुपये. त्यातून ५ टक्के रिटेन्शन (राखून ठेवलेली रक्कम) ३,७८०, वैयक्तिक ठेकेदाराचा १ टक्का टीडीएस ७५६, आणि आधी दिलेली खर्ची ४०,०००. हातात ३१,०६४. खर्ची देताना साइटच्या कॅशमधून ती ‘मजुरी’ म्हणून टाकली गेली आणि नंतर पूर्ण बिलही मजुरीत आलं, तर सॉफ्टवेअर १,१५,६०० खर्च दाखवतं. खर्ची ही उचल आहे, खर्च नाही. ती ठेकेदाराच्या खात्यावर अ‍ॅडव्हान्स म्हणून टाका आणि बिलातून वळती करा. ठेकेदाराला दिलेलं जास्तीचं सिमेंट, तोडफोडीची भरपाई हेही त्याच्याच खात्यावर.

जाता जाता बजेटचे दर करासकट आहेत ना, तेही पाहा. १ एप्रिल २०१९ पासूनच्या योजनेत घरांवर ५ टक्के (परवडणाऱ्या घरांवर १ टक्का) जीएसटी आहे, पण इनपुट क्रेडिट नाही. म्हणजे मालावर भरलेला कर हा तुमचा खर्चच. सिमेंटवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ वरून १८ टक्क्यांवर आला. मालाच्या यादीत जुना दर राहिला असेल तर तेव्हापासूनची प्रत्येक पर्चेस ऑर्डर चुकीची रक्कम दाखवते आहे.

प्रश्न : दर तिमाहीला महारेराची (महाराष्ट्रातल्या गृहप्रकल्पांच्या नियामकाची) माहिती भरताना आर्किटेक्ट, इंजिनिअर आणि सीए यांचे प्रकल्पाच्या प्रगतीचे टक्के वेगवेगळे येतात. सॉफ्टवेअरचा टक्का आणखी चौथाच. (डेव्हलपर, पनवेल)

उत्तर : ते वेगळेच यायला हवेत, कारण मोजतात वेगवेगळ्या गोष्टी. फॉर्म १ मध्ये आर्किटेक्ट प्रत्यक्ष काम पाहतो, फॉर्म २ मध्ये इंजिनिअर खर्चाचा अंदाज आणि झालेला खर्च देतो, फॉर्म ३ सीएचा. ग्राहकांकडून आलेल्या रकमेतले ७० टक्के वेगळ्या खात्यात ठेवायचे आणि कामाच्या प्रमाणात काढायचे, त्यासाठी ही तीन प्रमाणपत्रं. तुमच्या सॉफ्टवेअरचा चौथा टक्का बहुधा दिवसांवरून काढलेला आहे. तो कुठेच देऊ नका.

गोंधळ टाळायचा असेल तर सॉफ्टवेअरमधल्या कामांच्या वरच्या पातळीची शीर्षकं फॉर्म १ च्या तक्त्याप्रमाणेच ठेवा : खोदकाम, बेसमेंट व प्लिंथ, पोडियम, स्टिल्ट, स्लॅब, आतल्या भिंती-गिलावा-फरशी-दारं-खिडक्या, सॅनिटरी व इलेक्ट्रिक फिटिंग, जिने-लिफ्टच्या विहिरी-लॉबी-टाक्या, बाहेरचं प्लंबिंग-गिलावा-गच्ची, आणि शेवटी लिफ्ट, पंप, अग्निशमन वगैरे. रस्ते, गटारं, दिवे, सांडपाणी प्रक्रिया हे दुसऱ्या तक्त्यात, म्हणून त्यांची शाखा वेगळी. आठपैकी पाच स्लॅब झाले तर त्या ओळीत ६२.५ टक्के, वाद नाही. यार्डात आणून ठेवलेलं पुढच्या तीन स्लॅबचं स्टील खर्चात दिसेल पण कामात नाही. फॉर्म १ आणि २ मधल्या तफावतीचं हे नेहमीचं आणि सरळ कारण आहे, ते शेऱ्यात लिहून टाकावं.

याच शीर्षकांचा दुसरा उपयोग हप्त्यांसाठी. आदर्श करारनाम्यात ग्राहकाकडून घ्यायच्या रकमेच्या एकत्रित मर्यादा अशा : करारापूर्वी १० टक्के, करारानंतर ३०, प्लिंथला ४५, स्लॅब पूर्ण झाल्यावर ७०, भिंती-गिलावा-फरशी-दारं-खिडक्यांना ७५, सॅनिटरी व जिने-लॉबीला ८०, बाहेरचा गिलावा-गच्चीला ८५, लिफ्ट-पंप वगैरेंना ९५, उरलेले ५ ताब्याला. प्रत्येक टप्पा वेळापत्रकात माइलस्टोन म्हणून टाका आणि पैसे कधी येणार ते त्यावरून काढा. ७० ते ८५ हा पट्टा पाहा : या काळात फिनिशिंगचा सगळा खर्च निघतो आणि ग्राहकांकडून येतात फक्त १५ टक्के. बहुतेक प्रकल्प पैशाला अडतात ते इथेच. माइलस्टोनवर टिक मात्र आर्किटेक्टचं प्रमाणपत्र अपलोड झाल्यावरच होऊ दे. साइट इंजिनिअरच्या शब्दावर मागणीपत्र गेलं आणि ग्राहक साइटवर पाहायला आला की पंचाईत होते.

प्रश्न : मी एका वेळी तीन-चार बंगल्यांची कामं करतो. मोठं सॉफ्टवेअर घेऊ का? प्रायमाव्हेराचं नाव ऐकलं आहे. (ठेकेदार, म्हापसा)

उत्तर : प्रायमाव्हेरा महामार्ग, मेट्रो, मोठे कारखाने यांच्यासाठी. टेंडरमध्ये मागितलं असेल तर घ्या, एरवी ते चालवायला वेगळा माणूस ठेवावा लागतो. तुमच्या कामाला एक्सेलची तीन पानं (आलेला माल, हजेरी, ठेकेदारांची खाती) आणि वेळापत्रकासाठी फुकट मिळणारं प्रोजेक्टलिब्रे पुरेल. एमएस प्रोजेक्टच्या फाइलही त्यात उघडतात. एमएस प्रोजेक्ट घ्यायचंच असेल तर डेस्कटॉप आवृत्ती पाहा. ‘प्रोजेक्ट ऑनलाइन’ ही जुनी सेवा ३० सप्टेंबर २०२६ ला बंद करत असल्याचं मायक्रोसॉफ्टने जाहीर केलं आहे.

मोबाइलवरचं एखादं अ‍ॅप घ्यावंसं वाटलं तर विकणाऱ्याच्या लॅपटॉपवर डेमो पाहून ठरवू नका. तुमच्या स्टोअरकीपरच्या फोनवर ते टाका, फोन फ्लाइट मोडवर ठेवा आणि त्याला एक चलन भरायला सांगा. फोटोसकट भरलं गेलं आणि नेटवर्क आल्यावर आपोआप वर गेलं तर पुढे बोला. स्क्रीन मराठीत किंवा निदान हिंदीत होते का, वर्गणी माणसागणिक आहे की साइटगणिक, टॅलीत नोंद थेट जाते की पुन्हा टाइप करावी लागते, हे विचारा. आणि वर्गणी बंद केली तर सगळी माहिती फोटोंसकट एक्सेलमध्ये बाहेर काढता येते का, ते तोंडी न ऐकता विकत घेण्याआधी एकदा काढून दाखवायला सांगा.